आपत्काळचे शिक्षण आणि दिव्यांग बांधव
(मठाच्या वर्धापनदिनानिमित्त किरनापुर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मठाचा वर्धापनदिन म्हणजे केवळ सरलेल्या वर्षांची मोजदाद नव्हे. ज्या दिवशी एवढा मोठा समुदाय एका अंगणात एकत्र येतो, त्या दिवशी ह्या समुदायातील माणसे एकमेकांचे काय देणे लागतात, ह्याचाही हिशेब मांडावयाचा असतो. आजचा विषय त्या हिशेबातील एका थकलेल्या बाकीचा आहे. पूर येतो, घराला आग लागते, भूमी हादरते, यात्रेत चेंगराचेंगरी होते. अशा वेळी शेजाऱ्याने शेजाऱ्याला कसे वाचवावे, ह्याचे शिक्षण देण्याचे प्रयत्न आता ठिकठिकाणी होऊ लागले आहेत. त्या शिक्षणाच्या वर्गात डोळ्यांनी अधू, कानांनी बहिरा, पायांनी पांगळा, अथवा बुद्धीने मंद म्हणून समाजाने बाजूस बसविलेला मनुष्य कोठे असतो? बहुधा तो वर्गात नसतोच. दुसऱ्यांनी उचलून न्यावयाच्या ओझ्यांच्या यादीत त्याचे नाव असते. आणि पुष्कळदा त्या यादीतही ते सापडत नाही.

पूर्वी अशा माणसांना ‘अपंग’ म्हणत. आता ‘दिव्यांग’ म्हणतात. शब्द अधिक आदराचा झाला हे चांगलेच झाले. परंतु शब्दाबरोबर स्थान बदलले काय, हा प्रश्न उरतोच.

महाराष्ट्राच्या संतपरंपरेला हा प्रश्न नवा नाही. महिपतीबोवांनी ‘भक्तविजया’त कूर्मदासाची कथा सांगितली आहे. पैठणच्या ह्या भक्ताला हात नव्हते आणि पायही नव्हते. पंढरीचा महिमा कानी पडताच तो लोळत लोळत वाटेला लागला. लहूळपर्यंत आल्यावर पुढे जाणे त्याला अशक्य झाले, तेव्हा पांडुरंगच त्याच्या भेटीस तेथे आला, असे ती कथा सांगते. ह्या कथेतील देवाची करुणा सर्वांच्या ध्यानात राहते. परंतु तिचा पूर्वार्धही तितकाच ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कूर्मदास कोणी आपल्याला उचलून नेईल म्हणून पैठणास बसून राहिला नव्हता. तो स्वतः निघाला होता, आणि वाटेवरच्या लोकांनी त्याला जेथे हवे तेथे साह्य केले होते. वऱ्हाडातील माधानचे श्रीगुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टीस मुकले. तथापि चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभरावर ग्रंथ रचिले, आणि लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणू लागले. एखादे इंद्रिय अधू झाले म्हणजे मनुष्य अधू झाला असे नव्हे, हे ह्या भूमीला कोणी बाहेरून येऊन शिकविण्याचे कारण नाही. मग जे सत्य कीर्तनात मान्य होते, ते आपत्काळच्या तयारीत का विसरले जाते?

किरनापुर आणि त्याच्या आसपासचा प्रदेश दोन राज्यांच्या सीमेवर वसलेला आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तोपर्यंत बालाघाट, भंडारा आणि नागपूर ही एकाच प्रांतात होती. त्यानंतर सीमारेषा आली. पण सोयरीक, भाषा, बाजारहाट आणि नद्या काही विभागल्या गेल्या नाहीत. बाघ नदी काही अंतर दोन राज्यांची सीमा होऊन वाहते आणि पुढे वैनगंगेस मिळते. वैनगंगेचे पाणी बालाघाटच्या मातीला धान देते, आणि तीच नदी एखाद्या श्रावण-भाद्रपदात दारात येऊन उभी राहते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस अतिवृष्टी झाली, सिवनी जिल्ह्यातील भीमगड येथील संजय सरोवराचे पाणी सोडावे लागले, आणि वैनगंगेला महापूर आला. बालाघाट, गोंदिया आणि भंडारा ह्या जिल्ह्यांतील नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. खाली गोसीखुर्द धरणाची सर्व ३३ दारे उघडावी लागली.

केवळ पाण्याचेच भय आहे असेही नाही. धानाच्या बांधावर काम करीत असता वीज अंगावर कोसळते. उन्हाळ्यात तणसाच्या ढिगाला ठिणगी लागली की वाऱ्याबरोबर आग घराच्या छपरापर्यंत धावते. पावसाळ्यात सर्पदंश होतो. जून २०१७ मध्ये बालाघाटजवळच्या खैरी गावी फटाक्यांच्या कारखान्यात स्फोट होऊन वीसाहून अधिक माणसे प्राणास मुकली. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपुरास झालेल्या भूकंपाने नर्मदेचे खोरे हादरविले होते. तेव्हा आपत्ती ही दूरच्या कोणा देशाची गोष्ट आहे, असे समजून ह्या भागातील लोकांना स्वस्थ राहता येणार नाही.

आपत्तीचा एक नियम जगात सर्वत्र सारखाच आढळतो. पहिला तास शेजाऱ्यांचा असतो. सरकारी पथक येते, अग्निशामक बंब येतो, सैन्यही येते. पण ते सर्व नंतर. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यात किल्लारी आणि भोवतालची गावे कोसळली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड धाबे, ह्यांखाली हजारो माणसे गाडली गेली. अंधारात प्रथम ज्यांनी दगड उपसले ती त्याच गल्लीतील वाचलेली माणसे होती. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको शहरात मोठा भूकंप झाला, तेव्हाही सामान्य नागरिकांनी ढिगाऱ्यांतून शेकडो लोकांना बाहेर काढले. परंतु शिक्षण नसल्यामुळे ह्या धावून गेलेल्यांपैकी सुमारे शंभर जण स्वतःच मृत्युमुखी पडले. ह्या अनुभवावरून अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराच्या अग्निशामक दलाने १९८५-८६ च्या सुमारास नागरिकांना शिक्षण देण्यास प्रारंभ केला. आग विझविणे, रक्तस्राव थांबविणे, जखमींची निवड करणे, हलका शोध घेणे, भेदरलेल्या मनाला धीर देणे आणि पथक बांधणे, असा हा थोड्या तासांचा पाठ होता. १९९३ पासून तो त्या संपूर्ण देशात पसरला.

भारतातही ह्या कामाची परंपरा आहे, आणि तिचे एक मूळ किरनापुरहून फार दूर नाही. १९५७ साली नागपूर येथे नागरी संरक्षणाचे राष्ट्रीय महाविद्यालय स्थापन झाले होते. अग्निशामक सेवेचे राष्ट्रीय महाविद्यालयही नागपूरलाच आहे. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा झाला. २०१६ मध्ये ‘आपदा मित्र’ योजना ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली, आणि पुढे ती ३५० जिल्ह्यांतील एक लक्ष स्वयंसेवकांपर्यंत वाढविण्याचे ठरले. ह्या योजनेत स्वयंसेवकाला बारा दिवसांचे शिक्षण देण्यात येते. ही सर्व वाटचाल समाधानाची आहे. परंतु जेथे जेथे अशी तयारी झाली, तेथे तेथे एक पोकळी राहून गेली, आणि तिची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागली.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप आणि त्सुनामी आली. जपानइतका तयारीत राहणारा देश दुसरा क्वचितच असेल. तरीही नंतर जी मोजणी झाली तीत असे दिसून आले, की त्या किनाऱ्यावरील दिव्यांगांमध्ये मृत्यूचे प्रमाण सर्वसाधारण लोकांच्या सुमारे दुप्पट होते. लाट सर्वांना सारखीच होती; पण धोक्याची सूचना भोंग्याने दिली गेली तर ती बहिऱ्याला कशी कळावी? निवाऱ्याची जागा उंच पायऱ्यांवर असेल तर चाकाच्या खुर्चीतील मनुष्याने तेथे कसे पोचावे?

ह्याहून जवळचे आणि धर्मस्थानांच्या अंतःकरणाला अधिक बोचणारे उदाहरण तामिळनाडूतील एरवाडीचे आहे. तेथील दर्ग्याच्या परिसरात मनोरुग्णांना बरे वाटावे म्हणून नातेवाईक त्यांना आणून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे अशाच एका खासगी आश्रयगृहाच्या झोपडीला आग लागली. रुग्णांच्या पायांत साखळ्या होत्या. त्या कोणी सोडल्या नाहीत, आणि २८ माणसे बांधलेल्या जागीच जळून गेली. त्यांना तेथे आणणाऱ्यांची श्रद्धा खोटी होती असे कोण म्हणेल? परंतु आग लागली तर ह्या माणसांचे काय, हा साधा प्रश्न कोणी आधी विचारला नव्हता. जेथे जेथे आर्त माणसे आश्रयास येतात, त्या प्रत्येक देवस्थानाने, मठाने आणि आश्रमाने एरवाडीची आठवण आपल्या दाराशी ठेवावी.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याचे आठवे कलम संपूर्णपणे ह्याच विषयाचे आहे. धोका, सशस्त्र संघर्ष आणि नैसर्गिक आपत्ती ह्यांत दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने संरक्षण मिळाले पाहिजे, असे ते कलम सांगते. राष्ट्रीय व राज्य पातळीवरील आपत्ती प्राधिकरणांनी आपल्या कार्यात दिव्यांगांचा समावेश करावा. जिल्हा प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवावी, आणि संकटाची सूचना त्यांना पोचेल अशी व्यवस्था करावी, असे कर्तव्य त्यात घालून दिलेले आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने ह्या विषयाची मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली. २०११ च्या जनगणनेत भारतातील दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लक्ष, म्हणजे दर शंभरी दोनाहून थोडी अधिक, अशी नोंदली गेली. त्याच जनगणनेत बालाघाट जिल्ह्याची लोकसंख्या सतरा लक्ष होती. त्याच प्रमाणाने धरिले तरी ह्या एका जिल्ह्यात कित्येक हजार माणसे ह्या कलमाच्या छायेत येतात. परंतु कायद्याची छाया घराच्या उंबरठ्यापर्यंत पोचविण्याचे काम गावालाच करावे लागते. जिल्ह्याच्या वहीत नाव असणे वेगळे, आणि पाणी चढत असता कोणत्या घराच्या कोणत्या खोलीत कोण निजले आहे हे शेजाऱ्याला ठाऊक असणे वेगळे.

येथवर जे सांगितले ते संरक्षणासंबंधी झाले. परंतु केवळ संरक्षणाचा विचार करणे हा अर्धाच विचार होय. दिव्यांगाला शिक्षणाच्या वर्गात बसविण्याचे खरे कारण दया हे नसून, त्याच्यावाचून ते शिक्षण अपुरे राहते, हे आहे.

ह्याची साक्ष न्यूयॉर्कच्या दोन उंच मनोऱ्यांच्या विनाशातून मिळते. ११ सप्टेंबर २००१ रोजी उत्तरेकडील मनोऱ्याच्या ७८ व्या मजल्यावर मायकेल हिंग्सन नावाचे एक जन्मांध गृहस्थ आपल्या कचेरीत होते. नोकरीवर आल्यापासून त्यांनी त्या इमारतीच्या वाटा, जिने आणि संकटकाळचे नियम परिश्रमपूर्वक पाठ केले होते. कारण डोळस मनुष्य जे फलक वाचून निभावून नेतो, ते त्यांना स्मरणात ठेवणे भाग होते. विमान आदळले, मजले धुराने भरले, तेव्हा हिंग्सन आपल्या मार्गदर्शक श्वानासह आणि सहकाऱ्यांसह १,४०० हून अधिक पायऱ्या उतरून बाहेर आले. वाटेत दिवे गेले तर काय करावे, ह्या विचाराने इतर जण भ्यालेले असता, अंधाराचे भय नसलेला तो एकच मनुष्य होता.

त्याच मनोऱ्याच्या ६९ व्या मजल्यावर जॉन अब्रुझो हे हातापायांनी पंगू असलेले हिशेबनीस काम करीत. १९९३ मध्ये त्याच इमारतीत बाँबस्फोट झाला होता, तेव्हा त्यांना खाली आणण्यास सहा तास लागले होते. त्या अनुभवानंतर जिन्यावरून खाली उतरविता येईल अशी खास खुर्ची आणून ठेवण्यात आली. २००१ साली दहा सहकाऱ्यांनी आळीपाळीने ती खुर्ची धरून सुमारे दीड तासात त्यांना बाहेर काढले. मनुष्य तोच, इमारत तीच. सहा तासांचा दीड तास झाला तो एका साधनाने आणि आधी केलेल्या विचाराने. ह्या एका उदाहरणात आजच्या सर्व प्रतिपादनाचे सार आले आहे.

तिसरे उदाहरण पुन्हा जपानचेच. होक्काइडो बेटावरील उराकावा ह्या समुद्रकाठच्या लहान गावात १९८४ पासून ‘बेथेल’ नावाचे मनोविकारग्रस्तांचे एक वसतिस्थान आहे. त्सुनामी आल्यास आपण काय करावे, हा प्रश्न तेथील रहिवाशांनी स्वतःच हाती घेतला. चित्रे, आवाज आणि सोपी वाक्ये ह्यांच्या साहाय्याने त्यांच्यासाठी पाठ तयार झाले, वाट ठरली, दिवसा, रात्री आणि बर्फातही सराव झाला. २०११ च्या त्सुनामीच्या लाटा उराकावालाही पोचल्या. ज्यांना जगाने वेडे म्हणून बाजूला सारले होते, ती माणसे शांतपणे ठरल्या वाटेने ठरल्या उंचीवर सुखरूप गेली. सराव मनाला किती आधार देतो, ह्याचे ह्याहून चांगले प्रमाण सापडणे कठीण.

आता प्रत्यक्ष वर्गाकडे वळू. दिव्यांग वर्गात आला म्हणजे वर्गाचा पाठ कसा बदलतो?

पहिला बदल संकेतांत होतो. खेड्यात संकटाची सूचना ओरडून, घंटा वाजवून अथवा ध्वनिक्षेपकावरून दिली जाते. बहिऱ्या माणसाला ती मिळत नाही. बांगलादेशात १९७२ पासून चालत आलेल्या वादळ-सूचनेच्या योजनेत ध्वनीबरोबर ध्वजही वापरतात; धोका वाढेल तसे एक, दोन, तीन असे ध्वज चढतात. कानासाठी आवाज, डोळ्यासाठी ध्वज, आणि जो झोपेत आहे अथवा जो पाहूही शकत नाही व ऐकूही शकत नाही त्याच्यासाठी खांद्यावर हात ठेवणारा एक नेमलेला शेजारी, अशी तिहेरी व्यवस्था असावी. रात्री बहिऱ्याशी बोलताना विजेरीचा झोत त्याच्या डोळ्यांवर न टाकता स्वतःच्या चेहऱ्यावर धरावा, म्हणजे त्याला ओठ आणि खुणा दिसतात. ही गोष्ट लहान आहे. पण बहिरा मनुष्य वर्गात असल्यावाचून ती कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरा बदल जखमींच्या निवडीत होतो. अनेक माणसे एकदम जखमी झाली असता कोणाकडे आधी धावावे, हे ठरविण्याची एक पद्धत १९८३ साली अमेरिकेत निघाली आणि आता ती जगभर शिकविली जाते. तिची पहिली पायरी अशी, की ‘ज्यांना चालता येते त्यांनी ह्या बाजूला यावे’ असे मोठ्याने सांगावयाचे. जे येतील ते किरकोळ जखमी समजावयाचे. पुढे श्वास आणि नाडी पाहून, ‘माझा हात दाबा’ अशी आज्ञा करावयाची. जो आज्ञा पाळीत नाही तो अत्यवस्थ समजावयाचा. पद्धत उत्तम आहे. परंतु जो मनुष्य जन्मतः पायांनी अधू आहे, त्याला न चालण्यावरून गंभीर जखमी ठरवावयाचे काय? ज्याला ऐकूच येत नाही, त्याने आज्ञा पाळली नाही म्हणून त्याचा मेंदू दुखावला असे समजावयाचे काय? उलट, ज्याच्या पाठीच्या कण्याला पूर्वीच इजा झाली आहे, अथवा महारोगाने ज्याच्या हातापायांची संवेदना गेली आहे, त्याला भाजल्याचे अथवा हाड मोडल्याचे कळतच नाही. तो ‘मला काही झाले नाही’ म्हणेल आणि त्यावर विश्वास ठेवणारा स्वयंसेवक चुकेल. निवड करणाऱ्याने प्रथम ‘हे तुम्हांला आधीपासूनच आहे काय?’ एवढा एक प्रश्न बोलून अथवा खुणेने विचारावयास शिकले, तर पुष्कळ चुका टळतील.

तिसरा बदल उचलून नेण्याच्या रीतीत होतो. आंधळ्याला मागून ढकलीत नेऊ नये. त्याला आपले कोपर धरू द्यावे आणि अर्धे पाऊल पुढे राहून चालावे, पायरी आली की सांगावे. पांगळ्याला उचलण्यापूर्वी ‘कसे धरू?’ असे त्यालाच विचारावे. आपल्या देहाचा तोल कोठे आहे हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. चाकाची खुर्ची चाकांना धरून उचलू नये. खेड्यात तिच्याऐवजी बाज असते, आणि चौघांनी उचललेल्या बाजेवरून माणसाला चिखलातून नेता येते. मात्र बाज दारातून बाहेर निघते की नाही, हे पुराच्या रात्री नव्हे, आधी पाहून ठेवावे. आणि मनुष्य नेला म्हणजे काम संपले असेही नाही. त्याची कुबडी, त्याचा कृत्रिम पाय, कानाचे यंत्र, फेफऱ्याच्या गोळ्या हेही बरोबर गेले पाहिजे. कुबडी मागे राहिली, तर काल स्वतःच्या पायांवर हिंडणारा मनुष्य निवाऱ्यात आल्या दिवसापासून परावलंबी होतो.

चौथा बदल सर्वांत महत्त्वाचा. तो कामाच्या वाटणीत होतो. पथकात सर्वांनी शिडीवर चढावयाचे नसते. चाकाच्या खुर्चीत बसलेली व्यक्ती दूरध्वनी सांभाळू शकते, कोण बाहेर आले आणि कोण राहिले ह्याची नोंद ठेवू शकते, औषधांचा आणि धान्याचा हिशेब राखू शकते. जखमेवर पट्टी बांधण्यास पायांची गरज नसते. धुराने भरलेल्या खोलीत अथवा अंधाऱ्या रात्री स्पर्शाने वाट काढण्याची कला अंधाला अवगत असते, ती त्याने वर्गाला शिकवावी. पुराच्या गर्जनेत ओढ्याच्या दोन तीरांवरून एकमेकांना हाक ऐकू येत नाही. अशा वेळी बहिऱ्यांची खुणांची भाषा दोन तीर जोडू शकते. आणि ज्या मनुष्याने अपघातात पाय गमावून पुन्हा आयुष्य उभे केले आहे, त्याच्या धीराच्या एका शब्दाचे मोल नव्याने जायबंदी झालेल्याला इतर दहा जणांच्या उपदेशाहून अधिक वाटते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ बाबा आमटे ह्यांनी उभारलेले आनंदवन महारोगातून उठलेल्या आणि दिव्यांग माणसांच्या हातांनी उभे राहिले आहे. जे हात माळरानावर शेते, विहिरी आणि घरे उभी करू शकले, ते संकटात निकामी ठरतील असे मानण्यास आधार कोणता?

ह्यावर काही आक्षेप घेण्यात येतात, आणि ते प्रामाणिक असतात. पहिला असा, की दिव्यांगांना वर्गात घेतले तर शिक्षणाला विलंब लागेल. लागेल, हे खरे. परंतु जो विलंब सरावात लागतो तोच पुराच्या रात्रीही लागणार असतो. फरक इतकाच, की सरावात विलंब झाला तर वेळ जातो आणि रात्री झाला तर मनुष्य जातो. दुसरा आक्षेप असा, की त्यांना धोक्यात घालणे योग्य नव्हे. ह्याचे उत्तर असे, की धोक्यात तर ते आधीच आहेत. शिक्षण त्यांना धोक्यात घालीत नाही, त्यातून निघण्याची वाट दाखविते. अर्थात प्रत्येकाने प्रत्येक काम करावे असा आग्रह कोणीच धरू नये. पोहता न येणाऱ्या धडधाकट तरुणालाही कोणी पुरात उडी घेण्यास सांगत नाही. तोच विवेक येथेही वापरावा.

तिसरा अडथळा मात्र कोणी बोलून दाखवीत नाही, आणि तोच सर्वांत कठीण आहे. तो लज्जेचा आहे. घरात मतिमंद मूल असेल, वेडसर झालेली सून असेल, अंथरुणास खिळलेला भाऊ असेल, तर पुष्कळ कुटुंबे त्याची वाच्यता करीत नाहीत. पाहुणे आले की मागच्या खोलीचे दार लोटून घेतले जाते. ज्या माणसाचे अस्तित्वच शेजाऱ्यांना ठाऊक नाही, त्याला शोधण्यास कोण जाणार? पूर येतो तेव्हा त्या मागच्या खोलीचे लोटलेले दार एरवाडीच्या साखळीहून फारसे निराळे राहत नाही. पूर्वकर्माचे फळ म्हणून अशा माणसाकडे पाहण्याची जी सवय आहे, तिनेही हे दार अधिक घट्ट केले आहे. संतांनी कोणा अंधाला अथवा पंगूला त्याचे पूर्वकर्म विचारून मग पंगतीस घेतले, असे कोठे ऐकिवात नाही.

शिवाय ही संख्या काही परक्या माणसांची नाही. आपत्ती स्वतःच दिव्यांग निर्माण करते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ मधल्या रात्री भोपाळात विषारी वायू सुटला. हजारो मरण पावले, आणि जे वाचले त्यांतील पुष्कळांच्या छातीचा आणि डोळ्यांचा विकार जन्माचा सोबती झाला. त्यांच्यापैकी अनेक जण आदल्या संध्याकाळी पूर्ण सशक्त होते. आणि वार्धक्य तर कोणालाच सोडीत नाही. ह्या सभामंडपात भिंतीला टेकून बसलेल्या वृद्धांकडे दृष्टी टाकावी: कोणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, कोणाला कमी ऐकू येते, कोणाचे गुडघे पायरी चढू देत नाहीत. आज दिव्यांगांसाठी जी वाट रुंद केली जाईल, तिच्यावरून उद्या सर्वांनाच चालावयाचे आहे.

शेवटी मठाच्या कर्तव्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मठ हा पुराच्या वेळी सहज निवारा होतो. त्याच्याजवळ मंडप असतो, मोठी भांडी असतात, आणि लोकांचा विश्वास असतो. तसेच उत्सवाच्या दिवशी मठ हे गर्दीचेही स्थान असते. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यात वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत अरुंद, निसरड्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होऊन सुमारे तीनशे भाविकांना प्राण गमवावे लागले. भक्ती माणसांना एकत्र आणते. त्यांना सुखरूप घरी पाठविणे हे व्यवस्थेचे काम आहे.

म्हणून ह्या वर्धापनदिनापासून पुढील वर्धापनदिनापर्यंत काही गोष्टी हाती घेण्याजोग्या आहेत. मठाच्या भक्तमंडळींनी आपापल्या वस्तीतील दिव्यांग आणि अतिवृद्ध माणसांची घरे त्यांच्या संमतीने जाणून घ्यावी, आणि प्रत्येकासाठी दोन शेजारी नेमावे. एकच नेमला तर तो नेमका त्या दिवशी बाजाराला गेलेला असतो. मंडपाला एका बाजूने पायऱ्यांऐवजी उतार असावा, आणि शौचकूपाचे दार चाकाची खुर्ची आत जाईल एवढे रुंद असावे. दिव्यांग स्त्रियांना निवाऱ्यात सर्वांत अधिक हाल ह्याच एका गोष्टीने सोसावे लागतात. उत्सवाच्या गर्दीत पंगूंची आणि अंधांची जागा मंडपाच्या अगदी आत नसून बाहेर निघण्याच्या वाटेजवळ असावी. संकटाची घंटा वाजेल तेव्हा तिच्याबरोबर लाल ध्वजही वर चढावा, आणि तो कोणी चढवावयाचा हे ठरलेले असावे. आणि जेव्हा जिल्ह्यातून शिक्षक बोलावून तरुणांचा वर्ग भरविला जाईल, तेव्हा त्या वर्गाच्या पहिल्या पंक्तीत गावातील अंध, बधिर आणि पंगू बांधव व भगिनी बसलेल्या असाव्यात. शिकण्यासाठी आणि शिकविण्यासाठीही.

वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा उत्सवापूर्वी, सराव करावा. सराव झाल्यावर किती लवकर मंडप रिकामा झाला, एवढेच मोजू नये. सर्वांत शेवटी कोण बाहेर आले आणि त्याला का उशीर झाला, हे त्यालाच विचारावे. त्याने सांगितलेले कारण दूर करावे, आणि पुन्हा सराव करावा. ह्या कामास फार मोठ्या द्रव्याची अपेक्षा नाही; आठवणीची आणि सातत्याची आहे.

लहूळच्या वाटेवर कूर्मदासाला ज्यांनी घास भरविला, पाणी पाजले, त्यांची नावे कथेने सांगितलेली नाहीत. ते वाटेवरच्या गावांतील साधे लोक होते. मठाच्या ह्या मंगल दिनी किरनापुरच्या लोकांनी त्यांच्या कामाचा वारसा आपल्याकडे घ्यावा, एवढीच ह्या व्याख्यानाची विनंती आहे.